डोक्यातलं वाक्य पकडा: स्टोइक विचार रोजच्या जगण्यात कसे वापरायचे

स्टोइक (प्राचीन ग्रीस-रोममधला तत्त्वज्ञांचा एक पंथ) म्हटलं की हल्ली बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर रील्समधला तो दाढीवाला संगमरवरी पुतळा येतो, मागे जोरदार म्युझिक आणि खाली लिहिलेलं की कोणाची गरज नाही, काही वाटून घ्यायचं नाही, दगड व्हायचं. मूळ माणसं अशी नव्हती हो. ज्याचा तो पुतळा असतो तो मार्कस ऑरेलियस, इसवी सन १६१ ते १८० रोमचा सम्राट. त्याने आपल्या गुरूला, फ्रोंटोला लिहिलेली पत्रं आज वाचायला मिळतात आणि त्यात तो लहान मुलीचा ताप, तिचे जुलाब, घरातली काळजी हे सगळं कुठल्याही बापासारखं लिहितो. त्याला तेराचौदा मुलं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त त्याच्या डोळ्यादेखत गेली. असा माणूस युद्धाच्या मोहिमांवर असताना स्वतःसाठी जे लिहीत होता ते "काही वाटून घेऊ नकोस" यासाठी नक्कीच नव्हतं.

अजून एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ऑलस गेलियस नावाचा दुसऱ्या शतकातला रोमन लेखक एकदा जहाजाने इटलीला येत होता, रात्रभर वादळ, जहाजात पाणी शिरतंय, लोक रडतायत, आणि त्याच जहाजावर अथेन्सचा एक नावाजलेला स्टोइक तत्त्वज्ञ होता. गेलियस मुद्दाम त्याच्याकडे बघत राहिला की हा कसा वागतो. तो रडत ओरडत नव्हता पण चेहरा पांढराफटक पडलेला. वादळ शमल्यावर गेलियसने जाऊन नम्रपणे विचारलं की तुम्हीसुद्धा घाबरलात का, तेव्हा त्याने पिशवीतून एपिक्टेटस या स्टोइक गुरूच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून दाखवला. त्यात असं होतं की पहिला धक्का, छातीत धस्स होणं, रंग उडणं हे कोणाच्याच हातात नसतं, अगदी ज्ञानी माणसाच्याही नाही. फरक नंतर पडतो. साधा माणूस त्या धक्क्याला "हो, हे भयंकरच आहे" अशी संमती देऊन टाकतो आणि ज्ञानी माणूस देत नाही.

म्हणजे धडधड बंद करायची प्रॅक्टिस करायची नाहीये. धडधडीनंतर आपण मनात जे वाक्य बोलतो ते तपासायची प्रॅक्टिस करायचीय. माझ्या मते स्टोइक विचारातून रोजच्या आयुष्यासाठी एकच गोष्ट घ्यायची असेल तर हीच, बाकीचे सगळे उपाय याच्याच आजूबाजूला येतात.

पार्श्वभूमी थोडक्यात. इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास सायप्रसच्या कितियम गावचा झीनो नावाचा व्यापारी जहाज बुडाल्यावर अथेन्सला आला असं सांगतात, तिथे तत्त्वज्ञान शिकला आणि बाजारचौकातल्या एका चित्रं काढलेल्या ओसरीत शिकवायला लागला. ओसरीला ग्रीकमध्ये स्टोआ म्हणतात म्हणून हे स्टोइक. पुढे रोममध्ये जे तिघं गाजले ते म्हणजे सेनेका (श्रीमंत राजकारणी, नीरोचा शिक्षक), एपिक्टेटस (गुलाम म्हणून वाढलेला, पायाने अधू) आणि मार्कस (सम्राट). एका टोकाला गुलाम आणि दुसऱ्या टोकाला बादशहा, आणि दोघं एकच सांगतायत, मला हे फार मोठं वाटतं, कारण नाहीतर आपण लगेच म्हणतो की त्याला काय जातंय बोलायला.

आता करायचं काय

मार्कसने स्वतःला दिलेली एक सूचना आहे, त्याच्या त्या स्वतःसाठीच्या टिपणांच्या (आज ती 'मेडिटेशन्स' नावाने छापतात) आठव्या भागाच्या शेवटाकडे. मनावर पहिल्यांदा जे उमटलं तेवढंच स्वतःला सांग, त्यात आपल्या पदरचं घालू नको. कोणीतरी तुझ्याबद्दल वाईट बोललं अशी बातमी आली, तर बातमी तेवढीच आहे, तुझं नुकसान झालं हे बातमीत कुठेच नाही. मूल आजारी आहे हे मला दिसतंय. ते धोक्यात आहे हे दिसत नाहीये.

शेवटचं उदाहरण मुलं गमावलेला बाप लिहितोय हे लक्षात ठेवून परत वाचा.

आता हे आपल्याकडे आणू. दुपारी मॅनेजरचा मेसेज येतो, "५ वाजता जरा बोलायचंय". पोटात गोळा. हा गोळा माफ आहे, तो वादळातला पांढरा चेहरा. पण पुढच्या अर्ध्या मिनिटात डोकं काय करतं बघा: अप्रेझल खराब गेलं, मला काढणार, होमलोनचा हप्ता कसा भरू, बायकोला काय सांगू, या वयात कोण नोकरी देणार. मेसेजमध्ये होते चार शब्द, बाकी सगळी मालिका आपण लिहिली आणि आता ५ वाजेपर्यंत आपण तीच बघत बसणार.

तर उपाय असा. एक वही घ्या, फोनमधलं नोट्स ॲप पण चालेल पण वहीने जास्त फरक पडतो असा माझा अनुभव आहे कारण फोन उघडला की अजून चार गोष्टी उघडतात. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त तेवढंच लिहायचं जे कॅमेऱ्यात आलं असतं, मेसेज आला, सासूबाई म्हणाल्या "भाजी जरा अळणी झालीय", मित्राने मेसेज वाचला आणि उत्तर दिलं नाही. उजवीकडे मनात आपोआप आलेलं वाक्य, जसंच्या तसं, न लाजता. "यांना माझं काहीच चांगलं दिसत नाही." "तो मला टाळतोय." पहिले काही दिवस बाकी काही करू नका, उजवं वाक्य खोडायचं नाही, सकारात्मक वगैरे करायचं नाही, फक्त दोन्ही वेगवेगळं लिहायचं. हे ऐकायला फारच सोपं वाटतं पण सुरुवातीला डावी बाजू साफ ठेवणंच जमत नाही, "तो तिरसटपणे बोलला" असं आपण डावीकडे लिहितो आणि नंतर लक्षात येतं की तिरसटपणे हा शब्द उजवीकडचा आहे. नेहमी, कधीच, सगळे, मुद्दाम, हे चार शब्द दिसले की समजायचं वाक्य उजवीकडे जाणार.

काही दिवसांनी एक गंमतशीर गोष्ट दिसायला लागते, उजवीकडची वाक्यं फार नसतात. प्रत्येकाची दोनतीन ठरलेली वाक्यं असतात आणि तीच वेगवेगळ्या प्रसंगांना चिकटतात. कोणाचं "मला गृहीत धरतात", कोणाचं "माझ्याकडून होणार नाही". आपलं वाक्य ओळखीचं झालं की ते आल्याआल्या कळतं, आणि कळलं की त्याला लगेच हो म्हणायची घाई निम्मी कमी होते.

पण वाक्य खरं असेल तर?

हा प्रश्न बरोबर आहे आणि बरेच लेख इथे गप्प बसतात. कधीकधी ५ वाजता खरंच वाईट बातमी मिळते. उजवीकडचं वाक्य खरं निघतं. मग एपिक्टेटस कामाला येतो. त्याचा शिष्य एरियनने काढलेली छोटी पुस्तिका, एन्कायरिडियन, तिची सुरुवातच अशी आहे की काही गोष्टी आपल्या हातात आहेत आणि काही नाहीत. आपली मतं, आपल्या इच्छा, आपण काय करायचं ठरवतो हे हातात. शरीर, मालमत्ता, लौकिक, पद हे हातात नाही.

यावर लोक म्हणतात की असं काळंपांढरं नसतं, परीक्षेचा निकाल काही अंशी माझ्या हातात असतोच की. बरोबर, म्हणून स्टोइकांनी धनुर्धराचं उदाहरण दिलं, सिसेरो या रोमन लेखकाच्या लिखाणात ते आलंय. नेम नीट धरणं, दोरी नीट ओढणं इथपर्यंत त्याचं काम, बाण सुटल्यावर वारा आला किंवा लक्ष्य हललं तर तो काही करू शकत नाही. बाण लागावा असं त्याला वाटतंच, पण त्याची कसोटी नेम धरण्यात आहे. आपल्याला इथे निष्काम कर्म आठवतं आणि ते साम्य खरंच जवळचं आहे.

करायचं असं की कुठलंही मोठं काम हातात घेताना ध्येयाचं वाक्य बदलून लिहायचं. "मला ही नोकरी मिळाली पाहिजे" याच्या जागी "मी कंपनीबद्दल नीट वाचून जाईन, प्रश्न पूर्ण ऐकून मग बोलेन, येत नाही ते येत नाही सांगेन". हे सगळं १०० टक्के पूर्ण करता येण्यासारखं आहे, समोरच्याचा मूड कसाही असो. आणि जे ठरवलंय त्याला एक शेपूट जोडायचं, "मध्ये काही आलं नाही तर". सेनेका सांगतो की शहाणा माणूस असंच म्हणतो, मी समुद्रप्रवासाला जाईन, मध्ये काही आलं नाही तर. आपली आजी "देवाच्या मनात असेल तर" म्हणायचीच. घाईत आपण ते म्हणायचं सोडलंय.

सकाळी: दिवसाची रंगीत तालीम

एपिक्टेटस म्हणतो, सार्वजनिक स्नानगृहात जायचं असेल तर आधी डोळ्यासमोर आण की तिथे काय काय होतं, कोणी पाणी उडवतं, कोणी ढकलतं, शिवीगाळ होते, चोऱ्या होतात. आणि मग स्वतःला सांग की मला अंघोळ करायचीय आणि त्याचबरोबर माझं मनही ठिकाणावर ठेवायचंय. दोन हजार वर्षांपूर्वीचं स्नानगृह आणि सकाळी ८ ची विरार लोकल यात पाणी सोडलं तर काय फरक आहे सांगा. घरातून निघतानाच म्हणायचं, धक्के बसतील, कोणीतरी दारात उभा राहून आत जाऊ देणार नाही, गाडी लेट असेल, मला ऑफिसला पोचायचंय आणि पोचेपर्यंत नीट माणसासारखंही वागायचंय. दोन हेतू ठेवले की पहिला फसला तरी दुसरा आपल्या हातात राहतो.

मार्कसही दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला असंच करतो, पहाटे स्वतःला सांगतो की आज मला लुडबुडे, कृतघ्न, उद्धट, कपटी लोक भेटणार. रील्समध्ये एवढंच दाखवतात आणि तोडतात, आणि मला याचा खरंच त्रास होतो, कारण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. तो म्हणतो की ही माणसं माझीच आहेत, आम्ही हात, पाय, पापण्या, वरच्या खालच्या दातांच्या रांगा यांच्यासारखे एकत्र काम करायला जन्मलोय, एकमेकांच्या विरुद्ध जाणं निसर्गाच्या विरुद्ध आहे. लोकांना दूर लोटायची तयारी तो करत नाहीये, लोकांमध्ये राहायची करतोय. तुमची सकाळची तालीम करून लोकांबद्दल तिटकारा वाढत असेल तर ती अर्धवट होतेय असं समजा.

राग आला की

रागावर सेनेकाने तीन भागांचा ग्रंथ लिहिलाय, भावाला उद्देशून. त्याचा मुख्य उपाय एकच, उशीर करा. राग आला त्या क्षणी माफ करायचं नाही, समजून घ्यायचं नाही, फक्त थांबायचं. त्याचं म्हणणं असं की रागाचा पहिला झटका आपोआप येतो, पण मग "माझ्यावर अन्याय झालाय आणि मला बदला घ्यायचा हक्क आहे" हे वाक्य मन मान्य करतं आणि तिथून पुढे राग आपल्या ताब्यात राहत नाही. म्हणून मधल्या फटीत वेळ घालायचा. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी खोचक लिहिलंय, उत्तर टाईप करायचंच असेल तर नोट्समध्ये करा, ग्रुपमध्ये नाही, आणि दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर वाचा. ऑफिसची मेल असेल तर पाठवायच्या जागी पत्ता रिकामा ठेवा. समोरासमोर असाल तर "मी यावर उद्या बोलतो" एवढं एक वाक्य आधीच पाठ करून ठेवा, कारण रागात नवीन वाक्य सुचत नाही.

सेनेकाबद्दल लोक म्हणतात की अफाट पैसा, नीरोची चाकरी, हा काय शिकवणार. हा आरोप त्याच्या हयातीतही होत होता आणि त्यात तथ्य आहे. शेवटी इसवी सन ६५ मध्ये नीरोनेच त्याला जीव द्यायला लावला. तरीही मला त्याचा हा उपाय पटतो, कारण रागावलेल्या सत्ताधाऱ्याच्या शेजारी इतकी वर्षं बसलेल्या माणसाला राग काय करतो हे नीट माहीत होतं.

रात्री पाच मिनिटं

हीसुद्धा सेनेकाची सवय. दिवा नेला, बायको त्याची सवय माहीत असल्याने गप्प झाली, की तो अख्खा दिवस परत तपासायचा. आज कुठली वाईट सवय बरी केलीस, कुठल्या दोषाला अडवलंस, कुठे सुधारलास. त्याने दिलेली उदाहरणं किती साधी आहेत बघा: त्या वादात तू जास्तच तावातावाने बोललास, त्या माणसाला गरजेपेक्षा जास्त स्पष्ट सुनावलंस म्हणून तो सुधारला नाही, उलट दुखावला. आणि मग स्वतःला सांगायचा, परत करू नकोस, या वेळी माफ केलं.

ते शेवटचं माफ करणं सोडू नका प्लीज. आपल्याकडे आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःला बडवणं असं झालंय, आणि जो माणूस रोज रात्री स्वतःला बडवतो तो चौथ्या दिवशी वही उघडत नाही. फोन दुसऱ्या खोलीत, दिवा बंद, दिवसभरातली दोन रकान्यांची वही आठवायची, आज ते ठरलेलं वाक्य कितीदा आलं आणि कुठे मी त्याला हो म्हटलं, एवढंच.

मुद्दाम थोडी गैरसोय

सेनेका लुसिलियस नावाच्या मित्राला डिसेंबरच्या सणाच्या दिवसांत, रोम सगळं मौजमजेत असताना लिहितो की अधूनमधून काही दिवस अगदी स्वस्तातलं, मोजकं खा, जाडेभरडे कपडे घाल आणि स्वतःला विचार, मी घाबरत होतो ते हेच का? आपल्यासाठी म्हणजे चार दिवस भाकरी-पिठलं, डिलिव्हरीचं ॲप काढून टाकणं, रिक्षाऐवजी चालत. ज्यांना शुगर आहे किंवा खाण्याशी संबंधित त्रास आहे त्यांनी जेवणाशी खेळू नका, दुसरी कुठली सोय निवडा. याचा उपयोग मुख्यतः पैशाच्या भीतीवर होतो, कमी पगारात कसं होईल या वाक्याला प्रत्यक्ष पुरावा मिळतो. सेनेका पुढे लगेच बजावतो की यात काही मोठं केलंस असं समजू नको, हजारो गुलाम आणि हजारो गरीब हे रोजच करतात. हे वाक्य डोक्यात ठेवून करा, स्टेटसला टाकायला नको.

वस्तूंबद्दल एपिक्टेटसची एक आठवण आहे. त्याच्याकडे लोखंडी दिवा होता, तो चोरीला गेला. तो म्हणाला, उद्या मातीचा घेईन. बस. फोन हरवला, गाडीला कोणी ओरखडा काढला की मी हे आठवतो. त्याच्या मृत्यूनंतर तो मातीचा दिवा कोणीतरी ३००० द्राख्मा देऊन विकत घेतला असं लुशियन हा दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक लिहितो, दिव्याखाली बसून आपल्यालाही शहाणपण येईल म्हणून.

शांत राहणं म्हणजे सोसत राहणं असं धरू नका

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण घरात किंवा ऑफिसात ज्यांच्यावर खरंच अन्याय होतोय त्यांना लोक स्टोइक वाक्यं ऐकवतात, "तुझ्या प्रतिक्रियेवर काम कर" म्हणून. स्टोइकांच्या चार सद्गुणांमध्ये विवेक, धैर्य आणि संयमाच्या बरोबरीने न्याय आहे. एपिक्टेटस आपल्या विद्यार्थ्यांना हेल्विडियस प्रिस्कस या रोमन सिनेट सदस्याची गोष्ट सांगायचा. सम्राट व्हेस्पेशियनने त्याला निरोप पाठवला की सिनेटच्या सभेला येऊ नकोस. तो म्हणाला, मला सिनेटमधून काढणं तुमच्या हातात आहे, पण मी सदस्य आहे तोवर मला यावंच लागेल. बरं ये, पण गप्प बस. मग मला मत विचारू नका. विचारावं तर लागेल. मग मला योग्य वाटेल ते बोलावं लागेल. बोललास तर मारून टाकीन. मी अमर आहे असं मी तुम्हाला कधी म्हणालो? तुम्ही तुमचं काम करा, मी माझं.

काय हातात आहे आणि काय नाही याची इतकी स्पष्ट वाटणी मी दुसरीकडे वाचली नाही, आणि त्या वाटणीतून हा माणूस गप्प बसलेला नाही, उभा राहिलाय. म्हणून ऑफिसात छळ होत असेल तर डाव्या रकान्यात तारीख, वेळ, नेमके शब्द लिहा आणि तीच वही तक्रार समितीकडे घेऊन जा. घरात मारहाण होत असेल तर पोलीस, वकील, माहेर, मैत्रीण जे हातात आहे ते वापरा. तक्रार करणं आपल्या हातातल्या यादीतच येतं.

आणि झोप उडालीय, महिनाभर कशातच मन लागत नाहीये, जगणं नकोसं वाटतंय असं असेल तर वहीवर भागवू नका, डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. तिथेही तुम्हाला हेच तंत्र जास्त नीटपणे शिकवलं जाण्याची शक्यता आहे, कारण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने १९५० च्या दशकात जी थेरपी मांडली आणि नंतर मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेकने जी मांडली, दोघांनीही आपल्या विचारांचं मूळ स्टोइकांमध्ये आहे असं लिहून ठेवलंय. एलिसची पद्धत मराठी वाचकांपर्यंत आणण्यात मुंबईचे कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे, त्यामुळे विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने मराठीतही वाचायला मिळतं.

वाचायचं कुठून

मार्कसपासून सुरुवात करू नका असं मी सांगेन, सगळे तिथूनच करतात. त्याने ते दुसऱ्या कोणासाठी लिहिलंच नव्हतं, त्यामुळे संदर्भ नसताना काही पानं फार उदास वाटतात. आधी एन्कायरिडियन, छोटी छोटी ५३ प्रकरणं आहेत, रोज सकाळी एक. मग सेनेकाची पत्रं, १२४ आहेत, क्रमाने वाचायची गरज नाही; ज्यांचं घर रस्त्यावर आहे किंवा वर कोणीतरी फर्निचर सरकवत असतं त्यांनी ५६ वं आधी घ्या, त्यात तो सार्वजनिक स्नानगृहाच्या वर भाड्याने राहतोय आणि वजनं उचलणाऱ्यांचे हुंकार, केस उपटणाऱ्याच्या आरोळ्या, खाऊ विकणाऱ्यांचे आवाज यातून लिहीत बसलाय. हे दोन्ही झालं की मार्कस. जुनी इंग्रजी भाषांतरं नेटवर फुकट आहेत. आणि प्रगती मोजायचीच असेल तर एपिक्टेटसची पद्धत वापरा, राग न आलेले दिवस मोजायचे, आधी रोज यायचा, मग दिवसाआड, मग दोन दिवसांनी, मग तीन. सलग ३० दिवस गेले तर देवाला नैवेद्य दाखव म्हणतो तो.